रोहयो : काम मागा, पण तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका

आपल्याकडे रोहयो म्हटलं की सिंचन विहीर नाहीतर गोठा एवढंच डोळ्यापुढे येतं. पण हा कायदा मुळात मजुरीचा आहे. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जायच्या आधी तो समजून घ्या.

सुरुवात कुठून झाली?
१९७२ च्या दुष्काळात राज्याने हमीची कामं गावोगाव काढली. कल्पना वि. स. पागे यांची. १९७७ ला विधिमंडळाने कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे केंद्राने २००५ ला देशासाठी कायदा आणला. फेब्रुवारी २००६ च्या पहिल्या टप्प्यातच तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा होता.

हक्क काय?
- १८ वर्षांवरील कोणीही अंगमेहनतीचं काम मागू शकतो. जॉबकार्ड फुकट मिळतं आणि ते घरातच ठेवायचं.
- केंद्राच्या २००५ च्या कायद्यात कुटुंबाला वर्षात १०० दिवसांची हमी होती. त्यापुढच्या दिवसांचा खर्च राज्य करायचं.
- २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. मात्र मजुरी मोजमापावर निघते, काम कमी भरलं तर पैसे कमी.
- काम ५ किलोमीटरच्या पलीकडे असेल तर १० टक्के जादा.
- हजेरीपत्रक बंद झाल्यापासून १५ दिवसांत पैसे खात्यावर आले पाहिजेत.

खरी मेख इथे आहे
ग्रामरोजगार सेवकाला नुसतं तोंडी सांगितलं, तर काम मागितल्याचा पुरावा हातात राहत नाही. नमुना ४ भरून द्या. सलग किमान १४ दिवसांचं काम मागा आणि तारीख टाकलेली पोच घ्या. ग्रामपंचायतीत अर्ज घेत नसतील तर तालुक्याला तहसील किंवा पंचायत समितीत द्या.

त्या तारखेपासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता लागू होतो. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, म्हणजे २०२५-२६ च्या दराने रोज ७८ रुपये. त्यानंतर किमान निम्मे, म्हणजे १५६ रुपये. पोच नसेल तर हा भत्ता मागायला हातात काहीच राहत नाही.

एकट्याने जाण्यापेक्षा वस्तीवरच्या दहा-पंधरा जणांनी मिळून अर्ज द्या. मागणी कागदावर दिसली तरच काम निघतं. पोचेचा फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवा.