परमुलखातून वर्ध्यास आलेली बिऱ्हाडे

वर्ध्यात सभा कोणतीही असो आणि विषय कोणताही असो, थोरांच्या पायधुळीने ही भूमी पावन झाली हे वाक्य त्यात येतेच. आम्हीही ते अनेकदा बोललो आहोत. आज मात्र आम्हांला त्या पायधुळीचे माहात्म्य सांगावयाचे नाही. ती माणसे दूरदूरच्या मुलखांतून येथे नवे काम घेऊन आली, तेव्हा उतरली कोठे, टपाल त्यांना कसे मिळे, कामावर ती कशी जात, तापाने कोण अंथरुणास खिळले आणि गावाने त्यांना कसे वागविले, एवढेच सांगावयाचे आहे. परमुलखात बिऱ्हाड करणे म्हणजे काय, हे आपल्यांपैकी ज्यांचा जन्म बदलीच्या नोकरीत गेला त्यांना समजावून द्यावयास नको. परंतु थोर माणसांच्या बाबतीत या गोष्टींचा आपल्याला विसर पडतो, आणि मग ती जणू विमानातून उतरून थेट पुतळ्याच्या चौथऱ्यावर जाऊन बसली असे वाटू लागते.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वर्धा शहर हेच मुळी एक हलविलेले बिऱ्हाड आहे. १८६२ मध्ये नागपुरापासून वेगळा काढून हा जिल्हा करण्यात आला, तेव्हा त्याचे ठाणे पुलगावाजवळच्या कवठ्यास होते. पुढे १८६६ मध्ये ते तेथून उठवून पालकवाडी नावाच्या एका लहानशा खेड्याच्या जागी आणले, आणि नदीचे नाव देऊन नवे शहर वसविले. म्हणजे कचेरी आधी आली आणि गाव मागून. कचेरीबरोबर कारकून आले, वकील आले. रेल्वे आली तसे कापसाचे अडते आणि पेढीवाले आले. येथे ‘आम्ही मूळचे’ असे म्हणणाऱ्याच्या आजोबा-पणजोबांनीही कधीतरी कोठून तरी येऊन येथे चूल मांडलेली असते.

ज्यांच्यामुळे पुढची सगळी माणसे येथे आली, ते जमनालाल बजाजही परमुलखातलेच. सीकरजवळच्या ‘काशी का बास’ या खेड्यात १८८९ मध्ये त्यांचा जन्म झाला, आणि लहानपणीच वर्ध्याच्या बच्छराज शेटजींच्या घरी ते दत्तक आले. राजस्थानच्या वाळूतून काळ्या कापसाच्या मातीत आलेले ते पोर. या गावी परक्या घरात येऊन राहणे म्हणजे काय ते त्यांनी वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास अनुभवले होते. पुढे त्यांनी जितक्यांना वर्ध्यास बोलावून जागा दिली, त्याचे एक कारण याही अनुभवात असेल असे आम्हांला वाटते. अर्थात हा आमचा तर्क आहे.

त्यांच्या आग्रहावरून पहिले मोठे बिऱ्हाड आले ते विनोबांचे. कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा जन्म आणि बडोद्याचे शिक्षण असलेले विनोबा, ८ एप्रिल १९२१ रोजी साबरमतीहून येथे आले, ते सत्याग्रहाश्रमाची शाखा चालविण्याच्या कामावर. भाषा घरचीच, तेव्हा ती अडचण नव्हती. १९२३ मध्ये त्यांनी येथून ‘महाराष्ट्र धर्म’ सुरू केला. पण मराठी माणसालाही येथे जम बसविण्यास वेळ लागलाच. नालवाडीस जाऊन, सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर माणूस जगू शकतो की नाही, याचा हिशेब त्यांनी स्वतःच्या शरीरावर करून पाहिला. १९३८ मध्ये प्रकृती फारच खालावली, तेव्हा धाम नदीकाठी पवनारला जमनालालजींच्या बंगल्यात ते राहावयास गेले. विश्रांतीसाठी गेलेला हा माणूस १९८२ मध्ये तेथेच देह ठेवीपर्यंत पवनारचाच राहिला.

गांधीजींची गोष्ट निराळी. १९३० च्या मार्चात साबरमती सोडताना, स्वराज्याशिवाय परत येणार नाही, असे ते सांगून निघाले होते, आणि १९३३ मध्ये त्यांनी तो आश्रमच विसर्जित केला. बदलीच्या गावी आलेला आपला नोकरदार मनातून जुन्या घराची किल्ली जपून असतो. यांनी ती ठेवलीच नाही. वर्ध्याची निवड का, याला जमनालालजींचा स्नेह हे कारण आहेच; पण आगगाडीचेही कारण लहान नाही. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारी आणि दिल्लीहून मद्रासेकडे जाणारी अशा दोन्ही वाटा येथे हाताशी होत्या. साऱ्या देशातून माणसे ज्याच्याकडे येणार, त्याला जंक्शनचे गाव सोयीचे.

प्रथम मुक्काम मगनवाडीत झाला. १९३४ च्या डिसेंबरात ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तो तेथेच, जमनालालजींनी दिलेल्या बागेत. तेथून मंडळी शेजारच्या सिंदी गावात मैला उचलण्यास, रस्ते झाडण्यास जात. मीराबेन तर सिंदीतच जाऊन राहिल्या. इंग्लंडातल्या नौदल-अधिकाऱ्याची ही मुलगी! पुढे गांधीजींनी शेगाव निवडले तेव्हाही त्यांच्या आधी तेथे मीराबेनच पोहोचल्या होत्या. घर लावण्याचे खरे कष्ट आधी येऊन राहणारे माणूस करते आणि नाव मागून येणाऱ्याचे होते, हे आपल्या घरोघरी चालतेच. आज ज्या बापूकुटीसमोर आपण चपला काढून उभे राहतो, ती मुळात मीराबेनची झोपडी होती.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी पायी शेगावास गेले. वय सहासष्ट. वस्ती सहाशेच्या आसपास, बहुतेक हरिजनांची. पक्की सडक नाही. जमनालालजी त्या गावचे मालगुजार, तेव्हा जागेची अडचण नव्हती. पण मालगुजाराने जागा दिली म्हणजे गावाने जागा दिली असे होत नाही. हे गांधीजींना कळत होते, म्हणून त्यांनी गावकऱ्यांना एकत्र बोलावून आपण कशासाठी येत आहोत ते सांगितले. अस्पृश्यता आपण मानीत नाही, परंतु त्यासाठी कोणावर जबरदस्तीही करणार नाही, असेही सांगितले. तेव्हा गावातले एक वृद्ध प्रतिष्ठित गृहस्थ उठले. आपण येता याचा आनंद आहे, पण हरिजनांच्या कामात आमची साथ मिळणार नाही, अशा अर्थाचे ते स्पष्ट बोलले. आम्हांला या म्हाताऱ्या गृहस्थांचे मत मुळीच मान्य नाही. त्यांचा प्रामाणिकपणा मात्र मोलाचा वाटतो. नव्या माणसाला तोंडावर ‘या, या’ म्हणून मागून पाण्याची वाट अडविणारी गावे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. येथे आलेल्याला पहिल्याच दिवशी कळले की आपण कोठे उभे आहोत.

जूनच्या मध्यावर भर पावसात पायी येऊन त्यांनी कायमचे बिऱ्हाड केले. आदिनिवास म्हणजे एकच मोठी खोली. तीत गांधीजी, कस्तुरबा, येणारे-जाणारे, सगळेच. पुरुषांना यात साधेपणाचा आनंद वाटत असेल. कस्तुरबांची मात्र कुचंबणा झाली. चार पुरुषांच्या घोळक्यात सत्तरीकडे झुकलेल्या बाईने राहावे कसे, हा प्रश्न कोणाच्या तत्त्वज्ञानात बसत नव्हता. तो जमनालालजींना दिसला, आणि त्यांनी बांसाठी निराळी कुटी बांधून घेतली. सेवाग्रामला गेलात तर ती लहानशी कुटी जरूर पाहा. त्या सगळ्या आवारात आम्हांला तीच अधिक बोलकी वाटते.

पावसाळ्यामागून हिवताप आला. सप्टेंबरात गांधीजींनाच मलेरिया होऊन वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात राहावे लागले. गावाचे आरोग्य सुधारण्यास आलेल्या माणसाला गावाने आधी आपला ताप दिला.

टपालाचीही अशीच तऱ्हा. बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव आहे, तेथे रेल्वे स्टेशनही आहे. या शेगावची पत्रे त्या शेगावास जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये आपल्या शेगावचे नाव ‘सेवाग्राम’ केले. नावात पुढे पुष्कळांनी गहन अर्थ पाहिला. त्याच्या मुळाशी पत्त्याचा घोटाळा होता हे सांगितल्याने त्या अर्थाला काही कमीपणा येतो असे नाही.

आता महादेवभाई. गांधीजींना प्रथम शेगावात एकट्यानेच राहावयाचे होते. तेव्हा चिटणीस मगनवाडीत आणि धनी शेगावात, असा प्रकार झाला. महादेवभाई टपाल घेऊन रोज पायी जात आणि पायी परत येत; दोन्ही मिळून सुमारे अकरा मैल. आपल्याकडचा मे महिना ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक सांगणे नको. कधी कधी ही खेप दिवसातून दोनदाही घडे. १९३८ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली, आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी, वयाची पन्नाशी ओलांडून काही महिने झाले असताना, आगाखान पॅलेसच्या कैदेत ते गेले. या चालण्यामुळे ते गेले असे आम्ही म्हणणार नाही. पण एकाने खेड्यात एकटे राहण्याचा निश्चय केला, की त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी पायांना द्यावी लागते, एवढे म्हणण्यास आम्हांला संकोच वाटत नाही. गांधीजींविषयीच्या आदराने हे बोलणे टाळू नये.

आर्यनायकम दांपत्याचे उदाहरण आमच्या शिक्षक श्रोत्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. आर्यनायकम हे सिलोनमधले तमिळ ख्रिस्ती, केंब्रिजला शिकलेले, शांतिनिकेतनात रवींद्रनाथांजवळ काम केलेले. आशादेवी बंगाली. येथल्या मारवाडी विद्यालयाची, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयाची, जबाबदारी आर्यनायकमांवर आली. त्याच शाळेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे शिक्षण परिषद भरली, आणि नई तालीमचा पाया घातला गेला. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन होऊन आर्यनायकम त्याचे चिटणीस झाले. या शिक्षणाचे एक मुख्य सूत्र असे, की मुलाला मातृभाषेतूनच शिकवावे. आणि ते अमलात आणावयाचे कोणी? ज्यांच्यापैकी एकाची मातृभाषा तमिळ आणि दुसऱ्याची बंगाली, त्यांनी; आणि तेही मराठी खेड्यात! स्वतःच्या मुलखात राहून मातृभाषेचा अभिमान बाळगणे सोपे आहे. दुसऱ्याच्या मुलाला त्याच्याच भाषेत शिकू द्यावयाचे आणि आपण त्या वर्गात परके राहावयाचे, याला वेगळी तयारी लागते.

राहिले जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. तंजावरचा जन्म, लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण, मुंबईत स्वतःची पेढी, मग अमेरिकेत अर्थशास्त्राचा अभ्यास. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली, आणि १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघाचे चिटणीसपद घेऊन ते वर्ध्यास आले. अध्यक्ष होते येथलेच वकील श्रीकृष्णदास जाजू. बाहेरचा चिटणीस आणि गावचा अध्यक्ष ही जोडी चांगली जमली. परमुलखातून येणारा शिकलेला माणूस बहुधा आपले ज्ञान बरोबर आणतो आणि गावाला त्यात बसवू पाहतो. कुमारप्पांनी उलटे केले. येथे तेलाची घाणी आहे तर तिच्यात काय सुधारणा होईल, वाया जाणाऱ्या मालापासून कागद करता येईल काय, रॉकेलऐवजी गोडे तेल जाळणारा कंदील करता येईल काय, अशा गोष्टींत मोठमोठ्या पेढ्यांचे हिशेब तपासणारा हा माणूस गढून गेला. त्या कंदिलाला ‘मगनदीप’ नाव मिळाले. १९३८ च्या डिसेंबरात उघडलेले मगन संग्रहालय आजही आपल्या गावात उभे आहे, पण बाहेरगावच्या पाहुण्याला ते दाखविण्यास आपल्यापैकी किती जण नेतात, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

एवढे करूनही वर्धा हे कुमारप्पांचे शेवटचे बिऱ्हाड ठरले नाही. स्वराज्यानंतर मगनवाडी सोडून ते याच जिल्ह्यातल्या सेलडोहला शेतीचे प्रयोग करण्यास गेले, आणि तेथून तमिळ मुलखात मदुराईकडे कल्लुपट्टीला. ३० जानेवारी १९६० रोजी ते वारले. विनोबा येथे रुजले आणि कुमारप्पा उठून गेले, म्हणून एक यशस्वी आणि दुसरा अयशस्वी असा निवाडा काही जण करतात. आम्हांला तो मान्य नाही. वीस वर्षे नेमाने काम करून माणूस आपल्या भाषेच्या मुलखात परतला, तर त्यात गावाचाही अपमान नाही आणि त्याचाही नाही.

ज्यांनी झोपड्यांच्या भिंती लिंपल्या, ज्या सुतारांनी दारे बसविली, ज्यांनी या परक्या मंडळींना ज्वारीची भाकरी खावयास शिकविली, त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी काही लिहून ठेवले. आलेल्यांनी पत्रे लिहिली, रोजनिश्या लिहिल्या. आणि म्हणून इतिहास आलेल्यांच्या बाजूचा झाला. सेवाग्राम, पवनार, नालवाडी या गावांतल्या जुन्या घरांतून आजी-आजोबांच्या तोंडून आलेल्या आठवणी अजून असतील, तर त्या कोणीतरी आता लिहून घ्याव्यात. या व्याख्यानमालेच्या चालकांनीच ते मनावर घेतले तर आम्ही वही घेऊन बरोबर येण्यास तयार आहोत.

बिऱ्हाडे अजून येतच आहेत. सुशीला नायर यांच्या प्रयत्नांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून मुले-मुली येतात. पहिले काही दिवस त्यांना आश्रमात राहावे लागते; सूत कातणे, झाडलोट, सकाळची प्रार्थना हे सगळे तेथे होते. इकडची बोली मात्र त्यांना पुढे दवाखान्यात खेड्यांतून आलेले रुग्णच शिकवितात.