व्रत आणि चूल : परदेशी वास्तव्यातील रोजचा स्वयंपाक (१८८३ ते १८९२)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षणासाठी समुद्र ओलांडून गेलेल्या भारतीयांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी त्यांच्या पदव्या, भाषणे, धर्मविषयक वाद आणि मायदेशी परतल्यानंतरचे कार्य यांची नोंद तपशिलाने केली आहे. त्यांच्या आहाराचा उल्लेखही बहुतेक चरित्रांत येतो. तो येतो मात्र व्रत म्हणून : अमुक व्यक्तीने परदेशात मांस-मद्याला स्पर्श केला नाही, असे एक गौरवाचे वाक्य लिहून चरित्रकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. व्रत पाळायचे तर दिवसातून दोन वेळा काहीतरी शिजावे लागते, ते कोणीतरी शिजवावे लागते, त्यासाठी जिन्नस आणि जळण मिळवावे लागते, आणि हे सर्व एका अनोळखी स्वयंपाकघरात करावे लागते. इतिहासलेखनात व्रताला स्थान मिळाले, चुलीला मिळाले नाही. आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई आणि मोहनदास गांधी यांच्या परदेशवासाकडे या दृष्टीने पाहिले असता एकाच व्रताची किंमत प्रत्येकाला किती वेगळी पडली, हे दिसून येते.

त्या काळात अन्नाचा प्रश्न किती नाजूक होता, हे समजण्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नव्हती. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आल्याचे निमित्त होऊन उठलेले वादळ शंकराचार्यांपर्यंत गेले. रानडे आणि टिळक यांच्यासारख्या मातब्बर मंडळींनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. भर पुण्यात एका पेल्याने एवढा गहजब होत असेल, तर महिना-दोन महिन्यांचा जहाजप्रवास आणि पुढे तीन वर्षांचे परक्या घरातील वास्तव्य यांचा हिशेब समाज कसा मागत असेल, याची कल्पना करता येते.

आनंदीबाईंनी हा हिशेब निघण्यापूर्वीच चुकता करण्याचे ठरविले होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात केलेल्या भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, आपल्या गरजा वाढविणार नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षेही पूर्ण नव्हते. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी त्यांचे पहिले काही महिने गेले. कार्पेंटरबाई मिशनरी नव्हत्या. एका नियतकालिकात छापला गेलेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले होते. या घरात आनंदीबाईंच्या आहाराचा मान राखला गेला, आणि त्यांनीही यजमानीणबाईंच्या परिचितांना आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून जेवू घातले. परदेशातील भारतीय स्त्रीने आपले घरगुती अन्न परक्यांपुढे अभिमानाने मांडल्याच्या आरंभीच्या प्रसंगांत याची गणना करावयास हवी. पाश्चात्त्य जगात भारतीय जेवणाची ओळख खानसाम्यांनी व पेन्शनर साहेबांनी नेलेल्या ‘करी’ने झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. रोझेलमधील ती पंगत वेगळी होती. तीत जेवण रांधणारी आणि त्याचा अर्थ समजावून सांगणारी व्यक्ती एकच होती.

फिलाडेल्फियात चित्र बदलले. स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, अधिष्ठाता रेचल बॉडली यांची आस्थाही लाभली. परंतु घर राहिले ते रोझेलला. आता राहण्याची खोली, अभ्यास आणि स्वतःच्या हाताने करायचे जेवण यांचा मेळ एकटीने घालायचा होता. खोलीतील शेगडी पेटविली की धूर कोंडे आणि न पेटवावी तर थंडी, अशी त्यांची अवस्था चरित्रपर लेखनात वर्णिली आहे. कल्याणात आणि मुंबई इलाख्यात वाढलेल्या मुलीला बर्फाळ हिवाळ्याची सवय असणे शक्यच नव्हते. साडी नेसण्याची पद्धत त्यांनी थंडीपायी बदलली, त्यावरही पतीची नाराजी पत्रांतून व्यक्त झाली. आहार मात्र बदलला नाही.

येथे थोडे थांबून त्या काळच्या अमेरिकन स्वयंपाकघराचा विचार करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रीय घरातील मातीची चूल जमिनीलगत असे. स्वयंपाक बसून होई, आच लाकूड पुढे-मागे सारून कमी-जास्त केली जाई. अमेरिकेत कोळशावर चालणारी ओतीव लोखंडाची उंच शेगडी रूढ झाली होती. तिच्यापुढे उभे राहावे लागे, आणि तिची आच मातीच्या चुलीसारखी हातच्या हाती आवरता येत नसे. गहू होता, पण त्याचे पीठ पावासाठी दळलेले, पोळीसाठी नव्हे. तांदूळ मिळे, बटाटे मुबलक होते, दूध-लोणी होते. तुरीची डाळ, ज्वारी, हिंग, कढीपत्ता हे फिलाडेल्फियाच्या वाण्याकडे मागण्याचे पदार्थ नव्हते. मराठीत पाककृतींची छापील पुस्तके निघू लागली होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे आहे. परंतु अशा पुस्तकात चूल, भांडी आणि जिन्नस गृहीत धरलेले असतात. ते गृहीतच नाहीसे झाले की पाककृती ही केवळ आठवण उरते. वरणावाचूनचा भात आणि फोडणीवाचूनची भाजी हे शाकाहाराच्या व्याख्येत बसत असले, तरी ते जेवण नव्हे, हे कोणतीही मराठी गृहिणी सांगेल.

फिलाडेल्फिया शहराला शाकाहार सर्वस्वी अपरिचित होता असेही नाही. १८१७ मध्ये इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेला बायबल ख्रिश्चन पंथ मांसवर्ज्य आहाराचा पुरस्कार करीत होता, आणि आनंदीबाई पदवीधर झाल्या त्याच वर्षी, १८८६ मध्ये, या पंथाचे हेन्री क्लब यांच्या पुढाकाराने अमेरिकेची शाकाहारी संस्था त्या शहरात स्थापन झाली. परंतु तो आहारविचार एका छोट्या धर्ममंडळापुरता होता. शवविच्छेदन आटोपून संध्याकाळी खोलीवर परतणाऱ्या विद्यार्थिनीला त्यामुळे गरम जेवण मिळत नव्हते.

या प्रसंगाला एक कटू पार्श्वभूमी आहे. बालवयात अभ्यास बाजूला ठेवून स्वयंपाकात वेळ घालविल्याबद्दल गोपाळरावांनी पत्नीला मारल्याची हकीकत चरित्रांतून आली आहे. सुधारक पतीच्या दृष्टीने स्वयंपाक हा शिक्षणाचा शत्रू होता. पुढे याच पत्नीने परदेशात घराण्याचा आचार सांभाळावा, अशी अपेक्षा निर्माण झाली. आणि तो सांभाळण्याचे साधन स्वयंपाक हेच होते. म्हणजे चूल सोडली तर आचार गेला, आणि चूल धरली तर अभ्यासाचा आणि विश्रांतीचा वेळ गेला. हा पेच पुरुष विद्यार्थ्यांच्या वाट्याला या स्वरूपात कधी आलेला दिसत नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंनी पदवी घेतली तेव्हा त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. पहिल्याच वर्षी त्यांना घटसर्पासारख्या आजाराने गाठले होते, आणि पुढे क्षयाने. क्षयाचे कारण आहार नव्हे, हे उघड आहे. परंतु अपुरे अन्न, थंडी आणि श्रम यांनी शरीराची प्रतिकारशक्ती खचते, हे वैद्यकशास्त्र मानते. १८८८ मध्ये कॅरोलिन डॉल यांनी इंग्रजीत आणि १८८९ मध्ये काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. तरीही मराठी वाचकाच्या मनात ठसली ती व्रतस्थ आनंदीबाई. रोज शेगडी पेटविणारी आनंदीबाई ठसली नाही.

पदवीदान समारंभाला उपस्थित राहण्यासाठी इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्यांचा अन्नविषयक अनुभव वेगळ्या जातीचा होता. १८८३ मध्येच त्या इंग्लंडला पोहोचल्या आणि वाँटेज येथील भगिनीमंडळात राहिल्या. तेथे स्वयंपाकाचा भार त्यांच्यावर नव्हता. पण पान वाढणारा हात दुसऱ्याचा होता, आणि त्या हाताला पानावरच्या नकाराचा अर्थ लावण्याचा अधिकार आपला आहे असे वाटत होते. सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतरही त्या शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेले पुडिंगसुद्धा त्यांनी नाकारले. सिस्टर जेरल्डीन यांना यात जातीचा अभिमान शिल्लक असल्याचा भास झाला. रमाबाईंचे पत्रोत्तर या विषयावरील अत्यंत सडेतोड लेखनांपैकी एक आहे. आपल्यात जुने संस्कार उरले असतील हे त्या नाकारीत नाहीत. पण एखादी इंग्रज स्त्री हिंदू समाजात काही काळ राहिली आणि कोणालाही अपाय न करणाऱ्या स्वतःच्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय, असा त्यांचा आशय आहे. पुण्यात ज्या अन्नाने धर्म ‘बुडत’ होता, वाँटेजला त्याच अन्नाच्या नकाराने धर्म ‘अपुरा’ ठरत होता. रमाबाईंनी दोन्ही न्यायालयांचा अधिकार अमान्य केला, हे त्यांचे वेगळेपण होय.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून निघालेले मोहनदास गांधी हे या दोघींच्या मानाने अगदीच अननुभवी होते. आईपुढे घेतलेली शपथ त्यांच्याजवळ होती. स्वयंपाकाचे ज्ञान नव्हते. बोटीवर भिडस्तपणामुळे घरून आणलेली मिठाई व फळे यांवर त्यांनी बहुतेक दिवस काढले. लंडनमध्ये घरमालकिणीच्या बेचव पालेभाजीवर व पाव-मुरंब्यावर त्यांचे पोट भरेना. एका मित्राने मोठ्या उपाहारगृहात जेवावयास नेले असता सूपमध्ये काय आहे, असे वाढप्याला विचारल्यावरून त्यांना बाहेर पडावे लागले आणि ती रात्र उपाशी काढावी लागली. मग भटकताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले. दाराशी विक्रीस असलेले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारसमर्थनाचे पुस्तक त्यांनी एक शिलिंगाला घेतले, आणि इंग्लंडला आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण घेतले. आईच्या शपथेला येथे विचाराचे अधिष्ठान मिळाले, हा भाग सर्वज्ञात आहे.

त्यामानाने कमी लक्षात घेतला जातो तो पुढचा टप्पा. खर्च कमी करण्यासाठी गांधींनी एक खोली घेतली, एक शेगडी घेतली आणि सकाळचे जेवण स्वतः करू लागले. ओटची लापशी आणि कोकोसाठी उकळते पाणी एवढाच तो स्वयंपाक. त्यास जेमतेम वीस मिनिटे लागत, असे त्यांनी आत्मकथेत नोंदविले आहे. दुपारी बाहेर जेवण, रात्री पुन्हा पाव आणि कोको. दिवसाचा अन्नखर्च एक शिलिंग तीन पेन्स. घरून येणारी मिठाई व मसाले त्यांनी बंद केले, आणि पूर्वी बेचव वाटलेला उकडलेला पालक रुचू लागला. १८९१ मध्ये ‘द व्हेजिटेरियन’ या साप्ताहिकात त्यांनी भारतीय आहारावर लेख लिहिले. स्वतःचे अन्न परक्यांना समजावून सांगताना ते त्यांना स्वतःलाच नव्याने समजले असावे, असे हे लेख वाचताना वाटते.

वीस मिनिटांचा हा आकडा आनंदीबाईंच्या शेगडीशेजारी ठेवून पाहावा. लंडनमध्ये दुपारचे जेवण देणारे उपाहारगृह होते, लापशीचे पीठ प्रत्येक दुकानात होते, आणि मुख्य म्हणजे गांधींनी ‘आपले’ जेवण करण्याचा हट्ट सोडून ‘तेथले’ मांसवर्ज्य जेवण स्वीकारले. हे स्वातंत्र्य त्यांना मिळाले याचे एक कारण असे की, घरच्या चवीची जबाबदारी त्यांच्यावर कधीच नव्हती. ज्याने घरी कधी चूल पेटविली नाही, त्याला परदेशात स्वयंपाक हा शोध वाटतो. जिचे बालपण चुलीशी गेले तिच्यासाठी तो उरलेल्या दिवसाचे काम असते. जातीने गांधींना बहिष्कृत केले होते, हे खरे. पण जातीच्या आचाराची पारख त्यांच्या हातच्या वरणभातावरून कोणी करणार नव्हते.

१८९१ च्या उन्हाळ्यात गांधी परतले. राजकोटच्या घरात त्यांनी सुधारणा म्हणून ओटची लापशी व कोको आणले. चहा-कॉफीच्या जागी ते यावेत असा हेतू होता. प्रत्यक्षात चहा-कॉफी राहिली आणि ही दोन पेये-पदार्थ वर वाढले, अशी कबुली त्यांनीच मिश्कीलपणे दिली आहे. पुढे मुंबईत वकिली जमविण्याच्या खटपटीत असताना त्यांनी गिरगावात बिऱ्हाड केले. रविशंकर नावाचा स्वयंपाकी ठेवला होता, त्याला स्वयंपाक फारसा येत नव्हता. तेव्हा गांधींनी एक स्टोव्ह विकत घेतला आणि निम्मा स्वयंपाक ते स्वतः करू लागले. लंडनमधील शाकाहारी पदार्थांचे प्रयोग गिरगावच्या त्या खोलीत चालू झाले. आनंदीबाई नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईस उतरल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील तीन हिवाळ्यांत त्या शेगडीवर त्यांनी काय काय शिजवून पाहिले, कशाला काय पर्याय शोधला, हे सांगण्यास त्यांना अवधी मिळाला नाही.