हेर, विज्ञानकथा आणि नावाचा आडोसा

विज्ञानकथेतील गुप्तहेराने आपली खरी ओळख लपवावी की नाही, हा प्रश्न वरकरणी कथानकरचनेचा वाटतो. ओळख उघडी पडली की हेर संपला, सबब लेखकाने ती शेवटपर्यंत झाकून ठेवावी, एवढ्यावर ही चर्चा बहुधा थांबते. परंतु अमेरिकन विज्ञानकथेच्या इतिहासात असे दोन लेखक होऊन गेले, की ज्यांचा गुप्तवार्तेच्या कामाशी प्रत्यक्ष संबंध होता आणि ज्यांनी आपल्या कथा निराळ्याच नावाने लिहिल्या: पॉल लाइनबार्गर आणि अ‍ॅलिस शेल्डन. कथेतल्या हेरांकडे वळण्यापूर्वी या दोघांकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

लाइनबार्गर (१९१३-१९६६) हे आशियाई राजकारणाचे प्राध्यापक. वडील सुन यत्-सेन यांच्या निकटचे, त्यामुळे बालपणाचा काही काळ चीनमध्ये गेला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन लष्कराच्या मानसशास्त्रीय युद्धाच्या कामात होते आणि १९४८ साली त्यांनी याच विषयावर लिहिलेला ग्रंथ पुढे प्रमाणभूत ठरला. १९५० साली ‘फँटसी बुक’ या लहानशा नियतकालिकात ‘स्कॅनर्स लिव्ह इन व्हेन’ ही कथा आली ती ‘कॉर्डवेनर स्मिथ’ या नावाने. कॉर्डवेनर म्हणजे जोडे शिवणारा, स्मिथ म्हणजे लोहार. विद्यापीठातल्या पंडिताने घेतलेली ही दोन कारागिरांची नावे. त्यांच्या हयातीत बहुसंख्य वाचकांना या नावामागचा माणूस ठाऊक नव्हता. याच गृहस्थांनी १९४९ साली ‘अ‍ॅटोम्स्क’ ही सरळसरळ हेरकथा लिहिली, तेव्हा त्यांनी तिसरेच नाव घेतले होते: कार्मायकेल स्मिथ.

त्यांच्या ‘द बॅलड ऑफ लॉस्ट सी’मेल’ (१९६२) या कथेतली सी’मेल ही मांजरापासून घडवलेली, म्हणून माणसाचे कोणतेही हक्क नसलेली स्त्री आहे. परग्रहांवरून येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत हे तिचे काम. सत्ताधारी मंडळातील एक सरदार आणि तिच्या लोकांचा अज्ञात पुढारी यांच्यातला दुवा ती होते. सरदारावर ती मनोमन प्रेम करते आणि ते बोलून दाखवत नाही. ती ना वेषांतर करते ना खोटे नाव घेते. तिच्यासारख्यांकडे कोणी लक्षपूर्वक पाहतच नाही, हाच तिचा आडोसा.

शेल्डनबाईंची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे. जन्म १९१५, शिकागो. प्रवासलेखिका असलेल्या आईबरोबर आणि वडिलांबरोबर बालपणीच आफ्रिकेच्या मोहिमा. १९४२ साली सैन्याच्या स्त्रीदलात प्रवेश, मग हवाई छायाचित्रांवरून गुप्त माहिती काढण्याचे काम. १९५२ ते १९५५ सीआयएमध्ये नोकरी. त्यानंतर मानसशास्त्रातील डॉक्टरेट. १९६७ साली त्यांनी काही विज्ञानकथा धाडल्या. मार्मालेडच्या बरणीवरचे ‘टिप्ट्री’ हे नाव त्यांनी उचलले, ‘ज्युनिअर’ ही पुस्ती नवऱ्याने जोडली, आणि जेम्स टिप्ट्री ज्युनिअर जन्माला आले. जवळजवळ दहा वर्षे हा लेखक कोणाला भेटला नाही. त्याचा पत्ता म्हणजे व्हर्जिनियातील मॅक्लीन येथील एक टपालपेटी. सीआयएचे मुख्यालय त्याच परिसरात असल्याने, टिप्ट्री हे सरकारी गुप्तचर असावेत अशी कुजबुज होती. कुजबुज अर्धी खरी होती. राहिलेला अर्धा भाग मात्र फार थोड्यांच्या मनात आला.

शेल्डनबाईंनी हेराचे जुने सूत्र येथे वापरले: बनाव सत्याच्या जितका जवळ, तितका टिकाऊ. टपालाने दिलेल्या मुलाखतीत आणि पत्रांत आफ्रिका, शिकागो, सैन्य हे सारे खरे सांगितले. एवढेच की सांगणारी स्त्री आहे हे सांगितले नाही. उर्सुला ल ग्विन यांच्याशी या टिप्ट्रींची पत्रमैत्री होती. १९७५ साली ‘वॉर्म वर्ल्ड्स अँड अदरवाइज’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी, टिप्ट्री ही स्त्री असल्याची शंका हास्यास्पद आहे, हे लेखन निःसंशय पुरुषी आहे, असा निर्वाळा दिला. त्यांची थट्टा करणे सोपे आहे. आम्ही वर्गात ‘स्त्रीची शैली’ या विषयावर जे बोलतो, त्यातले किती टिकेल, हे आपापले तपासून पाहावे.

येथे एक अवांतर विचार मनात येतो. हे गुपित इंग्रजीत शक्य झाले. मराठीत पत्र लिहिणाऱ्याला ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ यांतून निवड करावीच लागते. मराठी टिप्ट्रीला नुसते मौन पुरले नसते, क्रियापदागणिक खोटे बोलावे लागले असते. नाही म्हणायला ‘आम्ही गेलो’ ही वाट उरते, आणि त्या आदरार्थी अनेकवचनाआड काय काय लपते हे हा लेख वाचणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. आपल्याकडील टोपणनावे बहुधा झाकण्यासाठी नसतातच. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे सर्वांनाच ठाऊक होते. खरा आडोसा घेतला तो जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा केला आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून प्रत लिहून घेतली. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले. नामांकित शास्त्रज्ञाला आपल्या कीर्तीपासून कथा वाचवायची होती. शेल्डनबाईंना आपल्या स्त्रीपणाविषयीच्या ठरीव अपेक्षांपासून.

टिप्ट्री यांच्या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या, की आमचा मुद्दा स्पष्ट होतो. ‘द गर्ल हू वॉज प्लग्ड इन’ (१९७३) मधली पी. बर्क ही कुरूप, आजारी मुलगी तळघरातल्या यंत्रातून डेल्फी नावाचे सुंदर, बुद्धिहीन शरीर चालवते. जाहिरातींना बंदी असलेल्या त्या जगात डेल्फीने नुसत्या वावरातून वस्तू खपवायच्या. कंपनीने पेरलेली हेरच ती. येथे ओळख लपवणे हे मालकाच्या हाती आहे. मुखवटा कधी उतरवायचा हे बर्क ठरवू शकत नाही, आणि तिचा अंत त्यातूनच होतो. त्याच वर्षीच्या ‘द विमेन मेन डोन्ट सी’ मध्ये रूथ पार्सन्स ही सरकारी कचेरीतली साधी नोकरदार बाई आहे. कथा सांगणारा डॉन फेंटन तिच्याविषयी नाना तर्क करतो, पण त्याला खरी रूथ दिसत नाही. युकातानच्या किनाऱ्यावर विमान कोसळल्यावर ती आणि तिची मुलगी परग्रहवासीयांबरोबर निघून जाणे पसंत करतात. रूथने काहीच लपवलेले नसते. हेराने ओळख लपवावी काय, यापेक्षा ती लपवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे विचारावयास हवे. या निकषावर रूथ सुटते आणि बर्क मरते. ही दुसरी कथा नेब्युला पुरस्काराच्या स्पर्धेतून शेल्डनबाईंनी मागे घेतली. पुरुष असून स्त्रिया इतक्या कळतात, या कौतुकावर पारितोषिक घेणे त्यांना अप्रामाणिक वाटले असावे.

१९७६ च्या अखेरीस त्यांची आई वारली. टिप्ट्रीने पत्रमित्रांना ही बातमी कळविली होती. आफ्रिकेत फिरलेली, शिकागोची वृद्ध लेखिका. वृत्तपत्रातला मृत्युलेख शोधणे अवघड नव्हते, आणि त्यात वारस म्हणून एका मुलीचेच नाव होते. बनावातल्या सत्यानेच बनाव फोडला. त्यानंतरही त्या लिहीत राहिल्या, परंतु पूर्वीचा मोकळेपणा त्यांना पुन्हा गवसला नाही. उत्तरकाळातील कथांत दमदार कथा थोड्या आहेत, असे आमचे मत आहे.

१९८७ साली त्यांनी आजारी, दृष्टी गमावलेल्या पतीला गोळी घातली आणि स्वतःलाही संपविले. १९९१ साली स्त्री-पुरुषभेदाच्या कल्पना तपासणाऱ्या विज्ञानकथांसाठी टिप्ट्री यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. आजारी नवऱ्याला मारणाऱ्या व्यक्तीचे नाव पुरस्काराला असावे काय, असा प्रश्न उठल्यावर २०१९ साली ते बदलून ‘अदरवाइज’ असे करण्यात आले. त्यांचे कथासंग्रह मात्र आजही जेम्स टिप्ट्री ज्युनिअर याच नावाने छापले जातात.