पाणी देऊ नका

आत्याला नोकरी लागली तेव्हा आजोबांनी तिला एचएमटीचं घड्याळ घेऊन दिलं. पहिल्या महिन्यातच ते सलाईनचे थेंब मोजायच्या कामाला लागलं.

वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती स्टाफ नर्स होती. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा पहिला पावसाळा तिच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो मलाच आठवतो असं वाटतं. विहिरींना नवं पाणी आलं आणि पाठोपाठ हगवण-ओकारी. बैलगाडीतून लेकरं यायची ती डोळे खोल गेलेली, टाळू बसलेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. वॉर्डात खाटा १२, लेकरं ३०, कपाटात सलाईनच्या बाटल्या ७. डॉक्टर सुकलेल्या पोराच्या डोक्यातली शीर शोधायचे, आत्या कंदील धरायची. मग घड्याळ लावून थेंब मोजायचे. जास्त गेलं तर छातीत पाणी, कमी गेलं तर सकाळी खाट रिकामी.

बाटली न मिळालेल्यांना ‘पोटाला आराम’. म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही. तेव्हा शिकवलंच तसं होतं. “बाई, पान्याचा थेंब तरी देऊ द्या लेकराले,” असं माय पाया पडून म्हणायची आणि आत्या तिच्या हातातला पेला काढून घ्यायची. एक म्हातारी लुगड्याच्या पदराआड तांब्या लपवून आणायची, त्यात मीठ घातलेली पेज. आत्याने तिला दोनदा वॉर्डाबाहेर काढलं. तिसऱ्यांदा काढलं नाही. त्या दिवशी बाटल्याच संपल्या होत्या. म्हातारीचा नातू वाचला. बाकीच्यांचं विचारलं की आत्या उठून चहा टाकायला जाते.

हे घडत होतं त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७१ साली, बंगालच्या सीमेवर बनगावला उत्तर सापडलेलं होतं. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले, छावण्यांत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथल्या इस्पितळात पोचले तेव्हा दोन खोल्या भरून रुग्ण जमिनीवर पडले होते. सलाईन लावायला त्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की बाटल्या पुरणार नाहीत. मग लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कलकत्त्यात बांधून आणल्या, पिंपात पाणी कालवलं आणि पाजायचं काम आया-बहिणींकडेच दिलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण शेकडा ३० पर्यंत गेलं होतं. त्यांच्या देखरेखीखाली ते ३.६ वर आलं. कारण साधं आहे: पटकीतही आतडं साखरेच्या सोबतीने मीठ शोषून घेतं, आणि मिठामागून पाणी जातं. त्या पाण्याला ते ‘ओरल सलाईन’ म्हणत. नाव हुशारीचं. सलाईन म्हटल्याशिवाय आपल्याकडे उपचार झाल्यासारखं वाटतच नाही.

जलसंजीवनीची पुडी आत्याच्या दवाखान्यात आली तोवर तिच्या नोकरीला दहाएक वर्षं झाली होती. पाकिटावरची चित्रं तिने पुन्हा पुन्हा पाहिली. पेला, चमचा, मांडीवरचं लेकरू. “मी ज्याच्यासाठी बायकांवर ओरडले, तेच छापलं होतं त्यावर,” ती म्हणते. पुढे ढाक्याच्या संशोधकांनी तांदळाच्या पिठाची जलसंजीवनीही करून पाहिली आणि पटकीत ती चांगलीच उतरली. अर्थात म्हाताऱ्यांचं सगळंच खरं होतं असं नव्हे. डबा झालेल्या पोराच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देणाऱ्याही त्याच होत्या.

डबा म्हणजे न्यूमोनिया. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८८ च्या सुमारास गावातल्या माणसांनाच तो ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं. पण सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पट्टी केली: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, लाल मणी सरकला की न्यूमोनिया. आत्याला हे ऐकून आधी हसू आलं. घड्याळ असताना मणी कशाला? मग स्वतःच म्हणाली, “घड्याळ मला माझ्या बापाने दिलं, त्यांना कोण देणार होतं?”

गेल्या श्रावणात आमच्या घरी दीड वर्षाचा भाचा रात्रभर ओकत होता. मी गाडीची किल्ली घेऊन उभा, “आत्या, चल, सलाईन लावून आणू.” तिने बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच बसली. टाळू चाचपली, ओठ पाहिले. मग पुडी कालवली, घड्याळ काढून उशाशी ठेवलं आणि मिनिटाला एक चमचा सुरू केला. पाचव्या चमच्याला बाळाने सगळं तिच्या पदरावर ओकलं. तिने पदर पुसला, घड्याळाकडे बघत दहा मिनिटं थांबली आणि पुन्हा चमचा भरला.