रोग शहराचा, मरण गावाचं

परवा कपाट आवरताना बाबांचा २००१ सालचा ईसीजी सापडला. गुलाबी चौकटींचा तो कागद, रेघा पार पुसट झालेल्या. आणि तात्या आठवले. तात्यांचा ईसीजी कधी निघालाच नाही...

बाबा आणि तात्या सख्खे भाऊ. बाबा पाटण तालुक्यातलं गाव सोडून कळव्याला आले, मुकंद कंपनीत लागले. रात्रपाळी, वडापाव, सुटलेलं पोट आणि पंचेचाळिशीत साखर! तात्या गावी शेती बघायचे. काटकुळे, भाकरी खाऊन दिवसभर डोंगर चढणारे. आजी म्हणायची, "शहरानं माझं पोरगं नासवलं."

आजीचं चूक नव्हतं. १९७०च्या दशकात आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण शहरांत २.१ टक्के होतं, खेड्यांत १.५. २०११ साली आलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या शहरांत १०.९, खेड्यांत ६.५. आणि २०२३ साली आलेले देशाचे आकडे १६.४ आणि ८.९. दोन्हीकडे वाढ, पण शहर कायम पुढे. मग मरणातही शहरच पुढे असायला हवं, नाही का?

बाबांच्या छातीत पहाटे कळ आली. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं, खाडीपूल ओलांडून ठाण्याला नेलं. अर्ध्या तासात ईसीजी, तासाभरात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. बाबा पुढे सतरा वर्षं जगले. दोन वर्षांनी तात्यांना तसंच झालं. पित्त असेल म्हणून ते सोडा प्यायले, पडून राहिले. तीन तासांनी वडापची जीप मिळाली. कराड यायच्या आधीच सगळं संपलं. वय ५४. त्यांची साखर आयुष्यात कुणी तपासली नव्हती.

बरीच वर्षं मी याला नशीब म्हणत होते. मग २०१४ साली 'प्युअर' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष वाचले. १७ देश, दीड लाखाहून जास्त माणसं, त्यात आपणही. धोक्याच्या गोष्टी शहरांत जास्त, पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना वर्षाला हजारी ४.८३ शहरांत आणि ६.२५ खेड्यांत! आणि तसं काही झाल्यावर दगावणारे शहरांत साडेतेरा टक्के, खेड्यांत सव्वासतरा.

आपल्याकडे दहा लाख मृत्यूंचा एक मोठा अभ्यास झाला. घरोघर जाऊन नातेवाइकांना शेवटची लक्षणं विचारायची आणि त्यावरून डॉक्टरांनी कारण ठरवायचं, अशी त्याची पद्धत. त्यातून २०१८ साली कळलं, की २००० ते २०१५ या काळात ३० ते ६९ वयाच्या लोकांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू खेड्यांत इतके वाढले, की त्यांनी शहरांना मागे टाकलं. तात्या नेमके त्याच काळातले, त्याच वयातले.

आणि काटकुळेपणाचं म्हणाल, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, पण अंगातली चरबी काही त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे बारीक माणूस निरोगीच, हा आपला हिशोब पाळण्यापासूनच चुकतो!

तेव्हा सांगायचा मुद्दा हा, की बाबांना आजार शहराने दिला असेल, पण वाचवलंही शहरानेच. तात्यांच्या बाबतीत निदान, औषध आणि गाडी, तिन्ही उशिरा. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण पित्त समजून पडून राहिलेल्या माणसासाठी तिला फोन करणार कोण?

यंदा गावी जाताना साखर मोजायचं मशीन नेलं. तात्यांचा मुलगा आता बावन्नचा, तसाच काटकुळा. "ताई, मला काय धाड भरलीय?" म्हणत हसला. तरी बोट पुढे केलं. उपाशीपोटी २१२.

पुढच्या सोमवारी तालुक्याला दाखवायला जातो म्हणालाय. सोमवारी सकाळीच मी फोन करणार आहे.