प्रस्तावाआधीचा प्रश्न : केतकर आणि आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतील संशोधन

विद्यापीठांच्या मराठी विभागांत दरवर्षी संशोधनाचे आराखडे सादर होतात. ते ओळीने वाचू लागल्यास एका लेखनप्रकाराची लक्षणे ध्यानात येतात. शीर्षकाच्या शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ ही शब्दयोजना असते. त्यानंतर विषयनिवडीमागील भूमिका, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा आणि प्रकरणयोजना असा क्रम येतो. अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांत ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण आढळते, असे गृहीतक मांडलेले असते आणि ते खोटे ठरण्याची शक्यता आरंभापासूनच नसते. मर्यादेच्या रकान्यात वेळेची कमतरता नोंदवलेली असते. सर्व रकाने भरलेले असतात, पण संशोधकाला नेमके काय कळलेले नाही, हे मात्र कोठेच सापडत नाही.

याचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून आम्हांला मोकळे होता येणार नाही. रकाने आम्हीच आखून दिले आहेत आणि ते भरले की आमचेही समाधान होते. व्याप्ती, मर्यादा, पूर्वसंशोधनाचा आढावा हे शब्द मुळात कोणत्या गरजेतून आले, याचा विसर पडला की ते उपचार होऊन बसतात. ही गरज समजून घेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत शिकलेल्या दोन मराठी विद्यार्थ्यांकडे वळणे आम्हांला उपयुक्त वाटते. श्रीधर व्यंकटेश केतकर आणि भीमराव रामजी आंबेडकर हे ते दोघे. दोघांचा विषय एकच होता, जात. त्यांतल्या दुसऱ्याने पहिल्याचे पुस्तक वाचले होते.

केतकर १९०६ साली अमेरिकेस गेले आणि इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी अध्ययन केले. १९०९ साली त्यांच्या जातिसंस्थेच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. ‘भारतातील जातींचा इतिहास’ हे त्याचे शीर्षक कोणाही मार्गदर्शकाला घाबरवील इतके विस्तृत आहे. एवढ्या विषयाला एक आयुष्यही पुरणार नाही, हे उघड आहे. परंतु उपशीर्षकाकडे पाहिले की योजना उलगडते. मनुस्मृतीतील पुराव्यावरून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील भारताच्या सामाजिक स्थितीविषयी काय कळते, एवढेच या खंडात तपासावयाचे आहे. एक ग्रंथ, एक शतक आणि त्या ग्रंथाच्या साक्षीची उलटतपासणी, असा हा आवाका.

व्याप्तीचा खरा अर्थ येथे दिसतो. केतकरांनी मोठ्या प्रश्नाचा त्याग केला नाही. त्या प्रश्नाचा जो भाग हाताशी असलेल्या साधनांनी सोडवता येईल, तेवढा त्यांनी वेगळा काढला. मनुस्मृतीचा काळ त्यांनी तिसऱ्या शतकात धरला, हे मत पुढील अभ्यासकांना मान्य होवो अथवा न होवो. ते निश्चितपणे मांडले असल्यामुळे त्याची तपासणी करता येते. पुढे ज्ञानकोशाच्या रूपाने ज्ञानाच्या सर्व प्रांतांना कवेत घेऊ पाहणाऱ्या या माणसाने विद्यार्थिदशेत एका ग्रंथापाशी थांबण्याचा संयम दाखवला होता, हे विशेष होय.

केतकरांचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर चार वर्षांनी, १९१३ साली, आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली त्यांनी प्राचीन भारतातील व्यापार या विषयावर एम.ए.साठी प्रबंध लिहिला. पुढच्या वर्षी, ९ मे १९१६ रोजी, मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. तेव्हा त्यांना पंचविसावे वर्ष पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. हा निबंध मे १९१७मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. जातींची घडण, त्यांची उत्पत्ती आणि त्यांचा विस्तार एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे. आपण या मर्यादेबाहेर जाणार नाही आणि विषयांतर केलेच तर मुद्दा स्पष्ट करण्यापुरतेच करू, असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले.

यानंतर ते पूर्वसूरींकडे वळतात, आणि आमच्या मते संशोधनाचा आराखडा लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा. सेनार, नेस्फील्ड, रिस्ली आणि केतकर या चौघांच्या व्याख्या ते समोर मांडतात. अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे, अशी यादी देऊन ते पुढे सरकत नाहीत. प्रत्येक व्याख्येला ते एकच प्रश्न विचारतात : तुम्ही सांगता ते लक्षण जातीचे स्वतःचे आहे की तिच्या परिणामांपैकी एक? सेनार यांनी सांगितलेली विटाळाची कल्पना पौरोहित्याच्या कर्मकांडातून आलेली असल्याने ती जातीचे सारभूत लक्षण ठरत नाही. नेस्फील्ड यांनी जातीबाहेर सहभोजन न करण्यावर भर दिला. तेथे कार्यालाच कारण मानले गेले आहे. रिस्ली यांच्या व्याख्येत विशेष नवे असे काही त्यांना आढळत नाही.

केतकरांविषयी मात्र ते आदराने लिहितात. जातीची व्याख्या एकेकट्या जातीपुरती न करता जातींच्या व्यवस्थेच्या संदर्भात केली पाहिजे, हे केतकरांनी ओळखले होते. त्यांनी जातीची दोन लक्षणे दिली होती : सभासदत्व जन्मानेच मिळते, आणि सभासदांना गटाबाहेर विवाह करण्यास मनाई असते. येथे आंबेडकर थबकतात. ही लक्षणे दोन नाहीतच, असे ते दाखवून देतात. गटाबाहेरच्या विवाहाला बंदी घातली की त्या गटात जन्मलेल्यांखेरीज दुसरा सभासद मिळूच शकत नाही. एकाच नाण्याच्या या दोन बाजू झाल्या. म्हणजे उरते ते एकच लक्षण, अंतर्विवाह.

त्यांचा स्वतःचा प्रश्न या फटीतून जन्माला येतो. बहिर्विवाहाचा नियम ज्या समाजात इतका दृढ होता, त्या समाजावर अंतर्विवाहाचे बंधन आले कसे, आणि ते टिकवले कशाने? गटाची दारे बंद केली की स्त्रीपुरुषांच्या संख्येचा तोल सांभाळावा लागतो. पती वारल्यावर मागे राहणारी स्त्री आणि पत्नी वारल्यावर मागे राहणारा पुरुष यांचे काय करावयाचे, हा पेच उभा राहतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचा अर्थ आंबेडकर या पेचातून लावतात; या रूढींचा गौरव करणारे तत्त्वज्ञान मागाहून आले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मनूने जाती निर्माण केल्या हे मत ते नाकारतात आणि जातींच्या प्रसारासाठी गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणविषयक विचाराचा आधार घेतात. केतकर जेथे थांबले, तेथून एक पाऊल पुढे टाकल्यामुळे हे सारे शक्य झाले. पूर्वसंशोधनाचा आढावा असतो तो ही पुढची जागा सापडावी म्हणून.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. जात हा आंबेडकरांच्या दृष्टीने केवळ अभ्यासविषय नव्हता. तिचे चटके त्यांनी बालपणापासून सोसले होते. तरीही निबंधाच्या अखेरीस ते सांगतात की, आपली उपपत्ती टिकणारी नाही असे कोणी दाखवून दिल्यास ती सोडून देण्याची आपली तयारी आहे. खोटे ठरू शकेल असे गृहीतक मांडणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. विषय जिव्हाळ्याचा असणे आणि निष्कर्ष आधीच ठरलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या आराखड्यांत त्यांची गल्लत वारंवार होते.

प्रकरणयोजनेविषयीही आंबेडकरांकडून शिकण्यासारखे आहे. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आणि कोलंबियाची पीएच.डी. मिळवून देणाऱ्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांच्या ग्रंथाची विभागणी पाहावी. १८३३पासूनची केंद्रित व्यवस्था, १८७१पासून प्रांतांना नेमून दिलेल्या रकमा, १८७७पासून नेमून दिलेली उत्पन्नाची साधने, १८८२पासून वाटून घेतलेले उत्पन्न, आणि मग १९१९च्या कायद्याने झालेला बदल. पैसा प्रांतांच्या हाती कोणत्या रीतीने पडला, त्यानुसार विभाग पडले आहेत. ‘लेखकाचे जीवन’, ‘साहित्यप्रकाराचे स्वरूप’ अशी कोणत्याही प्रबंधाला जोडता येतील अशी प्रकरणे येथे आढळत नाहीत.

आणि योजना कितीही नेटकी असली तरी तिला अडथळे येतातच. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने आंबेडकरांना १९१७मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून ते १९२०मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील १९२२ सालचा प्रबंध त्यांना पुन्हा लिहावा लागला आणि १९२३मध्ये तो स्वीकारला गेला. हे वाचल्यावर आमच्या आराखड्यांतील ‘वेळेची मर्यादा’ हा शब्द थोडा विचार करून वापरावा असे वाटते.

साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? ‘मराठी दिवाळी अंक : एक चिकित्सक अभ्यास’ असे शीर्षक सुचले तर त्याने आधी ‘मनोरंजन’च्या १९०९च्या दिवाळी अंकापाशी जावे आणि पुढची दहा वर्षे डोळ्यांखालून घालावीत. त्या अंकांतून लिहिणाऱ्या स्त्रिया कोण होत्या आणि कोणत्या प्रकारचे लेखन त्यांच्याकडून घेतले जात होते, एवढेच विचारावे. मग या काळाविषयी आजवर कोणी काय लिहिले आहे, ते वाचावे आणि त्यातली फट शोधावी. उत्तर अपेक्षेच्या विरुद्ध निघाले तर तेही लिहावे.

पुढील वर्षीच्या आराखड्यांत आम्ही एक वाक्य सर्वांत आधी शोधणार आहोत : मला हे ठाऊक नाही, आणि ते अमुक साधनांतून कळू शकेल असे मला वाटते. हे वाक्य सापडले की उरलेल्या रकान्यांची चिंता करण्याचे कारण उरणार नाही.