केव्ह डायव्हिंग, वैज्ञानिक

पाण्याने भरलेल्या गुहांत बुडी मारून नमुने व मोजमापे घेण्याचे तंत्र. डोक्यावर खडक असल्याने घाबरून सरळ वर येण्याची सोय नसते. म्हणून प्रशिक्षणात जीवशास्त्राआधी शिस्त येते: प्रवेशद्वारापासून अखंड दोरी, प्रत्येकाजवळ किमान तीन दिवे, हवेचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक परतीसाठी, उरलेला राखीव. पायातल्या पंखाने गाळ ढवळला की दिवेही निरुपयोगी. मग दोरी चाचपडतच बाहेर यायचे. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या गॅल्व्हेस्टन शाखेतील टॉमस इलिफ हे या क्षेत्रातले नावाजलेले संशोधक. बहामातील अशाच गुहेत १९७९ मध्ये जिल येगर यांना रेमिपीडिया हा कवचधारी प्राण्यांचा नवा वर्ग सापडला.

भारतातल्या गुहांकडे वळले तर हैदराबादच्या दक्षिणेला, आंध्र प्रदेशातील नंद्याळ जिल्ह्यात बेलम गुहा (लांबी ३,२२९ मी.) आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये त्यांची नोंद केली. पुढे १९८०च्या दशकात डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने त्या मोजल्या. तळाशी पाताळगंगेचा झरा खडकात गडप होतो. आंध्रच्या भूजलातील सूक्ष्म कवचधारी मात्र आचार्य नागार्जुन विद्यापीठाच्या वाय. रंगा रेड्डी यांनी विहिरी-कूपनलिकांतून मिळवले. त्यासाठी बुडी मारावी लागली नाही.